हौदातली माहेरवाशीण

हिरवट पाण्यावर निंबाची पिवळी पानं, आणि त्या पानांतून मान तेवढी वर काढून उभी असलेली एक हरणी. ओले कान, थरथरणाऱ्या नाकपुड्या, आणि माझ्याकडेच लागलेले दोन काळेभोर डोळे... निजामाच्या राज्यातलं माझं सारं लहानपण आता विटत चाललं आहे, एवढं एकच चित्र अजून ओलं आहे.

तो हौद आमच्या परसात होता. चौसाळ्यापासून गाडीवाटेनं अर्ध्या दिवसावर आमचं गाव. आबांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, औरंगाबादेत कुणा बड्या अंमलदाराच्या बंगल्यामागे पोहण्याचा हौद पाहिला आणि तेव्हापासून त्यांना आपली देशमुखी कोरडी वाटू लागली. मग गाड्या भरभरून शहाबादी फरशा आल्या, बैलाच्या घाणीत चुना मळला गेला, आणि त्यात पडलेल्या गुळाचा उग्र-गोड वास कितीतरी दिवस आमच्या कपड्यांना, अंथरुणांना, ताटातल्या भाकरीलासुद्धा येत राहिला. हौदाच्या चारी कडा ताठ आणि गुळगुळीत. उतरायला एक लोखंडी शिडी होती. पण ती कुणी मोठा पाहुणा आला तरच लावायची. पोहता आमच्या घरात कुणालाच येत नव्हतं, आबांनाही नाही. संध्याकाळी ते काठावर खुर्ची टाकून पाण्याकडे बघत बसत, आणि पाणी त्यांच्याकडे.

पण पाण्याला हुद्दे कळत नाहीत. पहिल्याच पावसाळ्यात बेडकांनी हौदाचा ताबा घेतला. मग एक धामण येऊन गेली, वानरं शेपट्या भिजवून गेली. एकदा एक मोर काठावर उभा राहिला आणि बराच वेळ स्वतःचं प्रतिबिंब न्याहाळून निघून गेला. ज्यासाठी हौद बांधला होता ते काम त्यानंच काय ते नीट केलं.

त्या वर्षी पावसानं पाठ फिरवली होती. वैशाखात डोंगरातले झरे आटले, आणि नेमक्या त्याच दिवसांत तालुकदारसाहेबांनी, म्हणजे जिल्ह्याच्या अंमलदारांनी, आबांचं निमंत्रण स्वीकारलं: सकाळी हौदात स्नान, मग डोंगरात हरणांची शिकार. रात्रंदिवस मोट चालली, हौद भरला. साहेब यायच्या दिवशी पहाटे मी परसात गेले, तर पाण्यात ही उभी. तहानेनं वाकली असेल आणि त्या गुळगुळीत काठावरून घसरली असेल. सारखी उसळी मारायची, खूर फरशीवर खरडायचे, आणि ती पुन्हा पाण्यात.

आमच्या गोठ्यात राबणारी सखू धावत आली. "आगं माय! गाभण हाय की गं ही!"

ती आत जाऊन आईला सांगून आली. आमच्या घरी कडक गोशा. परके पुरुष आले की आई स्वयंपाकघराचा उंबरा ओलांडत नसे. तिचं माहेर प्लेगात पार बसलं होतं. तिची सगळी बाळंतपणं सासरीच झाली, आणि त्याबद्दल ती कधी बोलल्याचं मला आठवत नाही.

तेवढ्यात साहेब आलेच. छत्री धरणारा, बंदुका वाहणारे, हुक्का सांभाळणारा... सरकारचं एक छोटं गावच परसात उतरलं. साहेबांनी हौदात डोकावून पाहिलं आणि ते खदखदून हसले. "वाह, देशमुखसाब! शिकार खुद गुसलखाने में हाजिर है!"

बंदुकीवरची खोळ निघाली. पाण्यावर आलेल्या जनावराला मारत नाहीत, हे आमच्या भागात शेंबडं पोरही जाणतं. आबाही जाणत होते. ते हात जोडून पुटपुटले, "हुजूर... आपकी मर्जी."

आणि तेव्हाच आई बाहेर आली. छातीपर्यंत पदर ओढलेला, हातात हळदीकुंकवाचं आणि ओटीच्या गव्हाचं ताट.

"गोशा! गोशा!" आबा ओरडले.

साहेब जुन्या रिवाजातले, पडद्यातल्या बाईकडे न बघणारे. ते गर्रकन वळले. त्यांच्यामागोमाग छत्री वळली, हुक्का वळला, बंदुका वळल्या. सारं सरकार, आणि आबाही, गोवऱ्या थापलेल्या भिंतीकडे तोंड करून उभं राहिलं.

"सखू, गोठ्याचं कवाड काढून आण."

"बाईसाब, सायब हायेत वो..."

"सायबाची पाठ हाय. तू कवाड आण."

"काय चाललंय तिकडं?" आबांनी भिंतीला विचारलं.

चारचौघांत आई नवऱ्याशी बोलणार कशी? ती मला म्हणाली, "ताई, सांग तुझ्या आबांला. लेक बाळंतपणाला आलीय. वटी भरल्याबिगर जाऊ द्यायची न्हाई."

मी ते मोठ्यानं सांगितलं. मग भिंतीकडूनच साहेबांचा आवाज आला, "बेटी, अम्मा से कहो, हमें कोई जल्दी नहीं." आणि जरा थांबून, "देशमुखसाब, आपकी दीवार बड़ी खूबसूरत है."

दोघींनी कवाड तिरपं करून पाण्यात सोडलं, त्यावर गोणपाट अंथरलं. हरणी घसरली, पुन्हा चढली, आणि वर येऊन लटलटत उभी राहिली. आईनं दुरूनच मूठभर गहू आणि कुंकू उधळलं. ओल्या पाठीवर थोडं लाल चिकटलं. मग कुंपणावरून एक झेप... आणि डोंगराकडे धुळीची बारीक रेघ. ती पार दिसेनाशी होईपर्यंत आई मुद्दाम तिथंच उभी राहिली, आणि सरकार गोवऱ्या बघत राहिलं.

साहेब सरबत घेऊन निघून गेले. आबा बरेच दिवस आईशी बोलले नाहीत. मग एक दिवस गवंडी बोलावून त्यांनी हौदाची एक बाजू फोडली आणि तिथं उतार केला. "गाळ काढायला," असं म्हणाले. त्या उतारानं पुढं शेळ्या आल्या, वासरं आली, एकदा एक कोल्हाही येऊन गेला.

पुढं पहिल्या बाळंतपणाला मी माहेरी आले, तेव्हा ओट्यावर चार पुरुष बसलेले असताना आई सरळ गाडीपर्यंत चालत आली. गोशा म्हणून कुणी ओरडलं नाही. आबांनी फक्त मान खाली घातली.

आता दोघं नाहीत. घर दुसऱ्यांचं झालं, हौद बुजला. परवा त्या वाटेनं जाताना मी दारात जरा थांबले. आतून एक अनोळखी सून आली. "कोण पायजे, आजी?"

"कुणी नाही गं," मी म्हटलं, "पाणी मिळेल का थोडं?"

"या की, बसा," म्हणाली, आणि तांब्या आणायला आत गेली.