झाकणाखालचं कडं

इबादान शहरात आमच्या ओके-आडो वस्तीच्या चढावर आसाबी रिकाम्या बाटल्या विकत घ्यायची. डोक्यावर पत्र्याचं घमेलं, "बाटल्याऽ, बरण्याऽ" अशी आरोळी आणि झपाझप चाल. घरी आणलेला माल ती वाळू-साबणाने घासून उन्हात पालथा घालायची. पामतेलवाल्या, शेंगदाणेवाल्या तिच्याकडूनच नेत. "इयाच्या बाटलीला कसला वास नसतो," म्हणत. इया म्हणजे आई. पन्नाशीची ती विधवा सगळ्यांचीच इया होती.

चढाच्या टोकाला माझं औषधांचं दुकान. औषधांची रिकामी खोकी मी जाळून टाकायचे आणि तिला ती हवी असायची, म्हणून आमचं रोज भांडण.

कोरड्या दिवसांत लादेजो नावाचा एक गोडबोल्या माणूस तिच्याकडे येऊ लागला. त्याला लहान मुलांच्या हिवतापाच्या औषधाच्या तपकिरी बाटल्याच तेवढ्या हव्या होत्या. लेबल भिजता कामा नये, खोकं फाटता कामा नये. भाव दुप्पट. शाळेच्या प्रदर्शनाला लागतात म्हणाला. चार महिने ती पुरवत राहिली.

एका मंगळवारी भर दुपारी ती दुकानात आली. डोक्यावर घमेलं नव्हतं. काखेतली पिशवी तिने माझ्यापुढे ओतली. कोरी पांढरी झाकणं.

"औषधवाली, झाकणाखाली हे कडं कशाला असतं गं?"

"कुठून आणलीस ही?"

"आधी सांग."

मी फळीवरची एक बाटली काढून तिला दाखवली. "पहिल्यांदा उघडलं की कडं तुटतं. आधीच तुटलेलं दिसलं तर समजायचं, आत कुणीतरी हात घातलाय. आईला कळायला तेवढीच खूण असते."

"आणि जुन्या बाटलीला असं नवं झाकण बसवलं तर?"

"मग आईला ती नवीच वाटेल," मी म्हणाले. ती बाकावर बसली.

"लादेजोने दिलीत ही. म्हणाला, बाटल्या भरून आणतो, तू फक्त झाकणं दाबून बसव. मी विचारलं, आत काय भरणार? हसला. म्हणाला, साखरेच्या पाण्याने कुणी मरत नाही, इया."

"तापाने फणफणलेलं पोर मरतं," मी म्हणाले. इतकं तोडून बोलायला नको होतं.

तिच्या अंगणात दोनशेच्या वर बाटल्या तयार होत्या आणि चार वाजता लादेजो त्या न्यायला येणार होता. मी औषध तपासणी कचेरीत फोन केला. "बाटल्यांना हात लावू नका, त्याला संशय येऊ देऊ नका, आम्ही निघालोच," पलीकडचा माणूस म्हणाला. झाकणं गल्ल्याखाली सरकवून, दुकानाला कुलूप घालून मी आसाबीबरोबर गेले.

लादेजो तीनलाच आला. गाडी घेऊन, सोबत एक ड्रायव्हर.

"अजून सुकल्या नाहीत रे," आसाबी म्हणाली. "बस, पाणी पी."

"सुकतील वाटेत. मी दिलेली झाकणं कुठायत?"

"शेजारणीकडे ठेवलीत. माझ्या घरात उंदीर आहेत."

त्याने एकदा तिच्याकडे, एकदा माझ्याकडे पाहिलं. "ही कोण?"

"भाची आहे माझी."

ड्रायव्हरने पहिला क्रेट गाडीत चढवला. मी परसात जाऊन पुन्हा फोन लावला. कचेरीची गाडी रहदारीत अडकली आहे म्हणे. परत आले तोवर चौथा क्रेट चढला होता. आसाबीने माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली, म्हणजे जाऊ दे, थांब.

ती थांबली नाही. फुफूसाठी उकडलेले कंद कुटायचं मुसळ तिने दोन्ही हातांनी उचललं आणि गाडीतल्या क्रेटवर घातलं.

"म्हातारे, वेड लागलं का?" लादेजोने तिचा हात पिरगाळला. "चार महिने पैसे घेतलेस तेव्हा बरं वाटलं?"

"वाटलं," ती कळवळत म्हणाली. "तेव्हा ठाऊक नव्हतं."

हात सुटताच तिने दुसऱ्या हाताने अंगणातल्या बाटल्यांवर मुसळ घातलं. काचा उडत होत्या. मी ओरडत सुटले. वाड्यातल्या बायका धावत आल्या, मिरचीवाली हातात कालथा घेऊन फाटकात उभी राहिली. गर्दी वाढलेली पाहून लादेजोने ड्रायव्हरला गाडीत ढकललं आणि गाडी पळवली.

कचेरीची माणसं आली तेव्हा अंगणभर काच होती. "पुरावाच फोडलात की हो," साहेब चिडून म्हणाला. मग मी झाकणांची पिशवी आणून दिली, तेव्हा जरा निवळला. आसाबीचं मनगट सुजून आलं होतं. तिने त्याला एवढंच विचारलं, "आधी गेलेल्या बाटल्या आता कुठे असतील?"

त्याने वही मिटली.

लादेजो सापडला नाही. आसाबीने फेरी बंद केली. हात गळ्यात बांधून ती माझ्याबरोबर बाजारांतली औषधांची दुकानं फिरू लागली. हाताने दाबून बसवलेलं कडं सैल राहतं, म्हणून कडं नीट बसलंय का, ते ती नखाने चाचपून बघायची. कुणी हाकलायचं, "धंदा बसवायला आलात का आमचा?" कुणी हसायचं. तिसऱ्या बाजारात एका बाईने मुकाट्याने फळीवरच्या सात बाटल्या काढून दिल्या. कचेरीत तपासल्या, तर सातही बाटल्यांत रंगीत पाणी निघालं.

"सातच," कचेरीच्या पायऱ्या उतरताना मी म्हणाले. "तू हजारावर दिल्या होत्यास."

"हो," ती म्हणाली. "उद्या कुठल्या बाजारात जायचं, ते सांग."