समोरचं स्टूल

देश तुटला आणि आमची चूल पेटली, असं मी म्हटलं की आमचे हे डोळे वटारतात. पण त्यात खोटं काय आहे? आमचं बाइंडिंगचं दुकान चालतं ते कॉलेजच्या ग्रंथालयाच्या जिवावर, आणि त्या ग्रंथालयात सगळ्यात जास्त फाटतात ती फाळणीची पुस्तकं. साहेबानं जाता जाता नकाशावर रेघ ओढली, त्याला माणसाचं अख्खं आयुष्य उलटून गेलं. तरी लोक त्यावर लिहितायत आणि मुलं ती पुस्तकं वाचून वाचून खिळखिळी करतायत. शेतं कशी मधोमध कापली गेली, नदीच्या पाण्यावरून भांडणं कशी लागली, शेजारी शेजाऱ्याला कसा ओळखेनासा झाला, सगळं मला शिवता शिवता वाचून पाठ झालंय. सासूबाई मात्र त्यातलं एक अक्षर वाचत नाहीत.

"वाचून काय करू?" त्या म्हणतात. "काय झालं ते मला ठाऊक आहे." आणि सुई ओवायला घेतात.

त्यांच्या वडिलांचंही बाइंडिंगचंच दुकान होतं. दुकान नदीवरच्या पुलाच्या त्या बाजूला, घर या बाजूला. दोन मुली, मोठी ताई आणि धाकटी चिंगी. चिंगी म्हणजे आमच्या सासूबाई, आता विश्वास बसत नाही म्हणा! शाळा सुटली की दोघी पूल ओलांडून दुकानात जायच्या आणि वडिलांना हातभार लावायच्या. काम लवकर व्हावं म्हणून वडिलांनी दोघींना एकेक पुस्तक अर्धं अर्धं वाटून दिलेलं. समोरासमोर दोन स्टुलं. पहिल्या अर्ध्या भागाची पानं ताई शिवणार, दुसऱ्या अर्ध्याची चिंगी. मग दोन्ही भाग एकावर एक ठेवायचे, दोघींचे दोरे मधोमध आणायचे आणि गाठ मारायची. गाठ मारताना ताई दर वेळी चिंगीचं बोट मुद्दाम दोऱ्यात अडकवायची.

चिंगीला एक खोड होती. टाका सुटेल या भीतीनं ती प्रत्येक टोकाला दोऱ्याचे दोन वेढे घालायची. एक पुरतो. दोन घातले की तेवढी बाजू फुगते आणि पुस्तक तिरकं बसतं. वडील वैतागायचे, टाके उसवायला लावायचे. चिंगी रडायची, उसवायची आणि पुन्हा दोनच वेढे घालायची.

फाळणीच्या वेळी चिंगीला ताप आला. ती आईजवळ घरी राहिली. वडील आणि ताई हातातलं काम उरकायला पलीकडे गेले. नदीच सरहद्द ठरली आणि दुपारी पूल बंद झाला. चार दिवसांत उघडेल, असं जो तो म्हणत होता. आईनं त्या संध्याकाळी चौघांचा स्वयंपाक केला आणि पुढे कितीतरी दिवस करत राहिली. सुरुवातीला येणाऱ्या-जाणाऱ्याकडून निरोप आले, मग लढाई झाली, मग तेही थांबलं. पलीकडचा तो रस्ताच जळाला म्हणतात. त्या पत्त्यावर टाकलेली पत्रं परत यायची. ताप आला नसता तर, हे एवढं एकच वाक्य सासूबाईंच्या तोंडून मी शंभरदा ऐकलंय, आणि दर वेळी त्या ते अर्धवटच सोडतात.

मी लग्न होऊन आले आणि त्यांच्या हाताखाली काम शिकले. त्यांची एक तऱ्हा मला भारी खटकायची. पुस्तक वरून खालपर्यंत सरळ शिवून टाकायचं सोडून त्या समोरच्या स्टुलावर जाऊन बसायच्या आणि पहिला अर्धा भाग शिवायच्या. मग गुडघे धरत उठायच्या, आपल्या स्टुलावर यायच्या, दुसरा अर्धा शिवायच्या, आणि शेवटी मधोमध गाठ. "आई, एका बैठकीत शिवलं तर काम लवकर नाही का होणार?" मी एकदा तणतणले. "होईल की," म्हणाल्या आणि उठून समोर जाऊन बसल्या. ते स्टूल कोणाचं, हे मला पुढे यांनी सांगितलं. त्यानंतर मी तणतणणं सोडलं. अर्थात, तेवढ्यापुरतंच.

एके दिवशी प्राध्यापक आले. आमच्या कॉलेजातले, फाळणीवर पुस्तकं लिहिणारे. माणूस भला, पण वेंधळा. पलीकडच्या ग्रंथालयाचं एक पुस्तक त्यांनी वाचायला मागवलं होतं आणि जिन्यावर पाडलं होतं. मागची अर्धी पानं सुटून हातात आलेली. दोन्हीकडच्या ग्रंथालयांना पुस्तकांची देवघेव करता येते बरं का! माणसांची तेवढी चालत नाही.

"जसं होतं तसं करून द्या. परत पाठवायचंय," ते म्हणाले, आणि चहा घेत बसले.

मी पुस्तकाच्या पाठीवरचं कापड सोलून काढलं. सासूबाई चष्मा पुसत सहज डोकावल्या आणि पुस्तक त्यांनी माझ्या हातातून हिसकावूनच घेतलं. मधोमध गाठ होती. सुटलेल्या अर्ध्या भागात जिथे जिथे दोरा शाबूत होता, तिथे प्रत्येक टोकाला दोन दोन वेढे होते.

"ताई," त्या म्हणाल्या.

"तुमचे वडीलही असतील," मी म्हटलं.

"बाबा? छापल्याचं साल बघ, पुस्तक अगदी अलीकडचं आहे. बाबा असते तर शंभरी ओलांडली असती. आणि बाबांनी हे दोन वेढे ठेवले असते? उसवायला लावलं असतं." त्यांनी वेढ्यांवर बोट ठेवलं. "तिनं माझा अर्धा भाग शिवलाय गं. माझ्या चुकीसकट शिवलाय."

मी आजवर सासूबाईंना मोठ्यानं रडताना पाहिलं नव्हतं. प्राध्यापकांच्या हातातला चहा गार झाला.

प्राध्यापकांनी पलीकडच्या ग्रंथालयाला लिहून विचारलं. उत्तर आलं, की दुरुस्तीचं काम बाहेर देतो, कोण करतं ते ठाऊक नाही. मी म्हटलं, आत चिठ्ठी घालू या. "सरहद्दीवर पान न् पान तपासतात," सासूबाई म्हणाल्या. "चिठ्ठी सापडली तर या बिचाऱ्याच्या गळ्याशी येईल. पाठीच्या आत कोण बघतंय? जो उसवेल तोच."

मग त्या कामाला बसल्या. ताईच्या अर्ध्या भागाला त्यांनी हात लावला नाही. आपला अर्धा भाग तेवढा शिवायला घेतला, प्रत्येक टोकाला दोन वेढे घालून. जी खोड त्यांनी लहानपणीच टाकून दिली होती, ती बोटांना पुन्हा शिकवावी लागली. पण दोरा पाहून मी चमकले. मेण न लावलेला, कच्चा, एकेरी. चिकटवायची खळही पाण्यासारखी पातळ.

"आई, हे पुस्तक वर्षभरसुद्धा टिकणार नाही."

"टिकायला नकोच आहे," त्या म्हणाल्या. "टिकलं तर ताईकडे जाणार कसं?"

ज्या बाईनं एक टाका सैल पडला म्हणून मला अख्खं पुस्तक उसवायला लावलं होतं, तिनं जन्मात पहिल्यांदा जाणूनबुजून कच्चं काम केलं. पुस्तक पलीकडे गेलं. त्यानंतर त्या रोज देवाकडे काय मागत असतील, तर पलीकडची मुलं दांडगट निघोत, पुस्तकं आपटोत, पानं ओढोत!

पुढच्या वर्षी प्राध्यापकांनी तेच पुस्तक पुन्हा मागवलं, निव्वळ सासूबाईंसाठी. उत्तर आलं, पुस्तक दुरुस्तीला गेलंय, आलं की पाठवतो. त्या दिवशी सासूबाईंनी डोक्यावरून न्हाऊन घेतलं आणि दुकानात ठेवणीतले कपडे घालून आल्या. यांनी चिडवलं, "आई, मावशी काय आजच येतेय?" तर लाजल्या चक्क. दुपारभर गुणगुणत होत्या. मला सांगत होत्या, ताई उसवेल, माझे वेढे बघेल, आणि म्हणेल, चिंगी अजून सुधारली नाही.

पुस्तक आलं. प्राध्यापकांनी पुडकं न फोडता त्यांच्या हातात दिलं. नवी कोरी, गुळगुळीत पाठ. सासूबाईंनी ती उघडली नाही. नुसतं पुस्तक मधोमध उलगडलं आणि घडीत बोट फिरवलं. मग दुसरीकडे उलगडलं, तिसरीकडे उलगडलं. दोरा कुठेच नव्हता. पानांच्या घड्या मशीननं कापून सगळं नुसतं डिंकानं चिकटवलेलं होतं.

"तिकडे आता मशीन आलं असेल," मी म्हटलं. "हल्ली सगळीकडेच—"

"ताई असती," त्या म्हणाल्या, "तर तिनं त्या पुस्तकाला मशीन लावू दिलं नसतं."

प्राध्यापकांनी पुस्तक पुन्हा पुडक्यात गुंडाळलं आणि ते गेले.

दुसऱ्या दिवशी ग्रंथालयाचा गठ्ठा आला. नेहमीचीच, फाळणीची पुस्तकं. सासूबाई आपल्या स्टुलावर बसल्या. मला राहवलं नाही. मी समोरच्या स्टुलावर जाऊन बसले आणि पहिला अर्धा भाग पुढ्यात ओढला. त्यांनी तो माझ्या हातातून हळूच काढून घेतला.

"राहू दे," म्हणाल्या.

आणि दोन्ही भाग मांडीवर घेऊन, जागेवरून न उठता, त्यांनी पुस्तक वरून खालपर्यंत सरळ शिवून काढलं. मध्ये गाठ आली नाही. काम खरंच लवकर झालं.