पायाला कळेल इतकं खोल

"मॅडम, लवकर या. काका खड्ड्यातून हलत नाहीयेत."

आमचा कॉन्ट्रॅक्टर सावंत. त्याचा फोन आला तेव्हा मी डोंबिवलीला, मानपाड्याच्या माझ्या ऑफिसात एका सोसायटीच्या गळतीचा रिपोर्ट लिहीत होते. मी रिपेअर कन्सल्टंट. इमारतीला कुठे काय दुखतंय ते मी सांगते, औषधपाणी सावंत करतो. तो ज्या खड्ड्याबद्दल बोलत होता, तो ठाण्यातल्या एका छोट्या ज्यू प्रार्थनागृहाच्या हॉलमध्ये होता. फरशीच्या मधोमध सहा-सात इंच खाली गेलेला एक चौकोन.

शिळफाट्याच्या ट्रॅफिकला शिव्या घालत पोचले. बघते तर एझ्राकाका खरंच खड्ड्यात उभे. सावंतच्या माणसांनी ओतलेल्या डेब्रिजवर, दोन्ही हातांनी वॉकर घट्ट धरून. तिथली प्रार्थना वर्षानुवर्षं तेच चालवतात. काठावर त्यांची मुलगी सिपोरा. बँकेतून तशीच धावत आलेली, आयकार्ड गळ्यातच.

"पप्पा, वर या ना. प्लीज."

"आधी ही माती काढायला सांग."

ही माणसं बेने इस्रायली. पिढ्यान्‌पिढ्या कोकणात राहिलेली. घरात तुमच्याआमच्यासारखंच मराठी बोलतात, प्रार्थना तेवढी हिब्रूत. हॉलच्या भिंतींना ओल आलेली, लाद्या उचकटलेल्या, म्हणून काम काढलेलं. कमिटीची सेक्रेटरी सिपोरा. तिने पहिल्याच दिवशी मला सांगितलेलं, हा चौकोन भरून हॉल एका लेव्हलला आणा. आदल्या वर्षी काका त्यात उतरायच्या पायरीवरून पडले होते. खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं, आणि डॉक्टरांनी पायरी चढणं-उतरणं बंद केलं.

मला त्यात काही वावगं वाटलं नाही. आम्ही इंजिनियर लोक फरशीत खोलगट चौकोन दिसला की 'संकन' म्हणून मोकळे होतो. संकन म्हणजे पाइप लपवायला मुद्दाम खाली ठेवलेला स्लॅब, बाथरूमला असतो तसा. पाइप नसले तर भरा आणि लादी लावा. अर्ध्या दिवसाचं काम.

"काका, एवढं काय आहे हो त्या खड्ड्यात?" मी जरा चिडूनच विचारलं.

"खड्डा नाही गं बाई. मआमाक्कीम."

"म्हणजे?"

"खोल. आमच्या शास्त्रात हा शब्द फार कमी वेळा येतो. आला की बहुतेक वेळा सोबत पाणी असतं. गळ्यापर्यंत चढलेलं, पाय टेकायला जागा नाही असं. पण एका स्तोत्रात माणूस त्या खोलातून देवाला हाक मारतो, आणि तिथे पाण्याचं नावही नाही. कशात बुडालाय ते सांगितलेलंच नाही. म्हणजे ज्याचं त्याने समजायचं. म्हणून आमचे जुनेजाणते म्हणायचे, प्रार्थनेला उंचावर उभं राहू नये, खाली उतरावं. सगळीकडे असं बांधत नाहीत. आमच्या आजोबांनी बांधलं."

"देवाला वरून ऐकू येत नाही का, पप्पा?" सिपोरा वैतागली.

"त्याला येतं. वर उभं राहिलं की आपल्यालाच हाक मारावीशी वाटत नाही."

सावंतच्या माणसांनी हातातली घमेली खाली ठेवली.

काकांचा आवाज उतरला. "तुझी आई गेली त्या वर्षी मी इथे येऊन उभा राहिलो, तेव्हा खाली उतरल्यासारखं वाटलंच नाही. मी आधीच तिथे होतो. ह्या जागेने मला सांभाळलं, सिपोरा."

"आणि मला कोण सांभाळणार?" ती फाडकन बोलली आणि रडायलाच लागली. "ऑपरेशन चालू होतं तेव्हा मी बाहेर एकटी बसलेले. तुम्हाला हाक मारायला खोल लागतं. मला तुम्ही लागता, पप्पा! पुन्हा पडलात तर?"

काकांनी वॉकर तिच्याकडे वळवला. मग म्हणाले, "मलाही भीती वाटते गं. पण ह्या दारफळणीच्या सणाला मी इथे उभा राहिलो नाही, तर परत कधीच उभा राहणार नाही. माझं मला कळतं."

दारफळणीचा सण म्हणजे त्यांचा कडक उपासाचा दिवस, दिवसभर प्रार्थना. तो तोंडावर आला होता.

खरं सांगते, साइटवर क्लायंट हट्टाला पेटला की माझं डोकं फिरतं. पण हा हट्ट नव्हता. थरथरत्या पायांवर उभं राहून, मला भीती वाटते असं मुलीला सांगणारा म्हातारा मी पहिल्यांदाच बघत होते. मनात म्हटलं, काका, मानलं तुम्हाला.

"काका, किती खोल पाहिजे?" मी विचारलं.

"किती म्हणजे?"

"सहा इंच? चार? काही माप लिहिलंय का कुठे?"

"माप कसलं? पायाला कळलं पाहिजे, बास."

"मग लेव्हल करून वेगळ्या रंगाची लादी लावू या ना," सिपोरा डोळे पुसत म्हणाली.

"डोळ्यांना कळून काय करू? प्रार्थनेत माझे डोळे मिटलेले असतात."

झालं, मला हवं होतं ते मिळालं. डॉक्टरांनी पायरी नको म्हटलं होतं, उताराबद्दल ते काहीच बोलले नव्हते. तिथूनच त्यांना फोन लावला. उतार अगदी हलका, दोन्ही बाजूंना रेलिंग आणि पायाखाली खरखरीत दगड असेल तर हरकत नाही, म्हणाले. मग मी सावंतला बसून समजावलं. खड्डा बराचसा भरायचा, पण पूर्ण नाही. चारी बाजूंनी हळूहळू उतरत जायचं आणि मधे दोन बोटं खाली सपाट जागा ठेवायची. पसरट थाळीसारखं.

"मॅडम, फरशी धुतली की मधे पाणी साचेल," सावंत म्हणाला.

"साचू दे."

"पाणी साचलं म्हणून आजवर किती शिव्या घातल्यात मला!"

"आता साचलं नाही तर घालीन."

लाद्या बसल्या, सांधे सुकले. बाथरूमचा उतार बरोबर आहे का बघायला आम्ही फरशीवर पाणी ओततो. वाकड्या कामाची चुगली पाणी लगेच करतं. तसंच इथे चारी कडांनी बादल्या ओतल्या. पाणी कुठेही न अडता मधे आलं आणि थांबलं. नितळ, पायाची बोटं बुडतील इतकं.

काका रेलिंगपाशी उभे राहून बघत होते. एकदम त्यांनी वॉकर बाजूला सारला, चपला काढल्या आणि रेलिंग धरून उतारावर पाय टाकला.

"पप्पा! ओलं आहे!" सिपोरा ओरडली. मी पुढे झाले. त्यांनी हात वर करून दोघींना थांबवलं.

पाऊल, मग थांबणं, मग पुढचं पाऊल. पायजम्याच्या कडा भिजल्या. पाण्याच्या मधोमध जाऊन काका उभे राहिले आणि त्यांनी डोळे मिटले. ओठ हलत होते. एक शब्द मला ओळखता आला, मआमाक्कीम. तिथे डोकं झाकायची रीत आहे. सावंतने खिशातला रुमाल काढून डोक्यावर ठेवला आणि मजुरांनाही खुणावलं.

मग काका वळले आणि तसेच, कुणाचा हात न धरता, वर चढून आले.

"पायाला कळलं," ते मला म्हणाले. आणि सिपोराकडे बघून, "तुलाही कळलं ना?"

तिने खाली बसून स्वतःच्या ओढणीने बापाचे पाय पुसले.

सणाच्या दुसऱ्या दिवशी तिचा फोन आला. पप्पा उपास धरून दिवसभर प्रार्थनेला उभे होते आणि ठणठणीत आहेत. सावंत अजून कुरकुरतो की त्या कामाचा फोटो कुणाला दाखवायची सोय नाही, लोक म्हणतील फरशी बसलीये. मी मात्र एक शिकले. आता कुठल्याही साइटवर लेव्हल लावायच्या आधी मी विचारते, इथे कोण उभं राहतं? काही लोक माझ्याकडे विचित्र बघतात. बघू देत.