पिकअपवरचं बिऱ्हाड

सुभेदारीणबाई घराबाहेर पडायच्या त्या घर घेऊनच. कोपऱ्यावर कोथिंबीर आणायला निघाल्या तरी पिशवीत पाण्याची बाटली, बॅटरी, सुईदोरा, बाम आणि एक स्क्रू ड्रायव्हर. "एवढं कशाला हो?" असं मी विचारलं की एकच उत्तर, "लागते नं मग." आणि वैताग म्हणजे, लागायचं. एकदा आम्ही दोघी सोसायटीच्या लिफ्टमध्ये अडकलो. मी घामाघूम होऊन देवाचं नाव घेत होते, तर बाईंनी पिशवीतून घडीचं स्टूल काढलं, मला बसवलं आणि हातावर रव्याचा लाडू ठेवला. लिफ्टवाला आला तेव्हा त्यांनी त्यालाही एक दिला.

त्या मूळच्या काटोलकडच्या. सुभेदारसाहेब लष्करातून निवृत्त झाले आणि कर्वेनगरला आमच्या समोरच्या फ्लॅटमध्ये राहायला आले. मी निवृत्त मुख्याध्यापिका, म्हणून बाईंच्या लेखी मास्तरीणबाई. तेव्हा मी जेमतेम पासष्टची होते. त्या कोवळ्या वयात माणसाला जगातलं सगळं कळत असतं, तसं मलाही कळत होतं.

साहेबांना अर्धांगाचा झटका आला आणि उजवी बाजू गेली. तेव्हापासून त्यांनी एकच धोशा लावला होता: गावाकडची संत्र्याची बाग एकदा पाहायची. रोज सकाळी खिडकीकडे तोंड करून म्हणायचे, "बहार आला असंन." समोर दिसायची ती सोसायटीची पाण्याची टाकी. रेल्वेचा बर्थ जमणार नव्हता, मोटारीत बसवत नव्हतं. डॉक्टर म्हणाले, आडवं नेता येत असेल तर न्या, पण फार थांबू नका. त्या रात्री बाई जेवल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी त्यांनी जुनी पिकअप विकत घेतली.

गाडी त्या स्वतः चालवायच्या. लष्कराच्या क्वार्टर्समध्ये असताना शिकल्या होत्या. साडीचा पदर खोचून क्लच दाबायच्या, तेव्हा आमचे सेक्रेटरी जिन्यात उभे राहून बघायचे. पिकअपवर त्यांनी पत्र्याची खोली बसवून घेतली. आत साहेबांची खाट, पंखा, पडद्यामागे कमोड. इथवर सगळं शहाणपणाचं होतं. मग आला ओटा.

साहेबांना गरम भाकरी लागायची. बाईंचे गुडघे दुखायचे, त्यामुळे खाली बसून थापणं शक्य नव्हतं. टेबलावर थापली तर टेबल हलायचं. म्हणून त्यांनी गाडीत कडप्प्याचा ओटा बसवला. खाली विटांचं बांधकाम, वर काळाभोर दगड. ओटा आला म्हणून पाण्याचं पिंप आलं, पिंप आलं म्हणून लोखंडी मांडणी आली. मीच शुभाशुभ बघून ओट्याला हळद-कुंकू लावलं. पिकअपला स्वयंपाकघर लागतं आणि स्वयंपाकघराला ओटा लागतो, यात मला काहीही वावगं वाटलं नाही.

गाडीला वाटलं. मागून ती बसकण मारल्यासारखी खाली गेली आणि तोंड वर आलं. रात्री दिवे लावले की उजेड थेट तिसऱ्या मजल्यावर. सकाळी नोटीस बोर्डावर कागद: 'वाहनाचे दिवे रस्त्यासाठी असतात. तिसऱ्या मजल्यावरील रहिवासी अद्याप रस्त्यावर आलेले नाहीत.'

इथे मी पुढे सरसावले. मोबाइलवर दाढीवाल्या परदेशी पुरुषांचे तीन व्हिडिओ पाहिले आणि जाहीर केलं, "सस्पेन्शन." दिवसभर तेच. दूधवाल्यालासुद्धा ऐकवलं. तो बिचारा म्हणाला, उद्यापासून घट्ट दूध देतो.

वाघोलीला एक पाटेवाला मिळाला. पाटे म्हणजे मागच्या चाकांवरच्या लोखंडी पट्ट्या, एकीवर एक रचलेल्या. गाडीचा सगळा भार त्यांच्यावर. त्याने वाकून पाहिलं. "कंबर गेली हिची. आत काय हाय?"

"घर हाये," बाई म्हणाल्या.

मी त्याला हवेच्या फुग्यांवर चालणाऱ्या सस्पेन्शनची माहिती दिली. त्याने चहा संपेपर्यंत ऐकून घेतलं आणि बाईंना विचारलं, "या मॅडम शिकवायला हायेत का कुठं?"

"होत्या. रिटायर झाल्या, पण थांबल्या नाही."

पाटे चढायला लागले. तो म्हणायचा, बास. बाई म्हणायच्या, टाक अजून एक. मीही मान डोलवायचे. तोही शेवटी रंगात आला आणि म्हणाला, "आता हत्ती बसवा." गाडी सरळ झाली. दिवे रस्त्यावर आले. मी माझ्या ज्ञानावर खूश झाले.

साहेबांना बसवण्याआधी आम्ही दोघी खडकवासल्याला चाचणीला गेलो. पाट्यांनी ओटा झोकात पेलला. पण पाटे भार पेलतात, थांबवत नाहीत, हे ना त्या दाढीवाल्यांनी सांगितलं होतं ना आमच्या डोक्यात आलं होतं. धरणाजवळ उतारावर बाईंनी ब्रेक दाबला. गाडी थांबायच्या विचारात होती, पण थांबत नव्हती. शेवटी थांबली ती कणीसवाल्याच्या शेगडीपासून वीतभर अंतरावर. त्याने गाडीकडे पाहिलं, आमच्याकडे पाहिलं, शांतपणे निखाऱ्यावर वारा घातला आणि विचारलं, "तिखट-मीठ लावू का?"

आम्ही कणीस घेतलं. बाईंनी आपलं तोंडाला लावलंच नाही. मी पहिल्यांदाच त्यांना घाबरलेलं पाहिलं. "सायब असते मागं तं?" एवढंच म्हणाल्या. घरी पोचल्याबरोबर गवंडी बोलावून त्यांनी ओटा फोडून काढला. पिंप गेलं, मांडणी गेली. ज्या बाई कोथिंबिरीला स्क्रू ड्रायव्हर न्यायच्या, त्यांनी अर्ध्या तासात गाडी रिकामी केली.

आता साहेबांच्या जागी खाटेवर मला झोपवून एक चक्कर मारली. पहिल्याच गतिरोधकावर मी उडाले आणि छताला डोकं आपटून परत खाटेवर आले. हत्तीसाठी बांधलेली गाडी, तिला माझा भार जाणवेचना. पुन्हा वाघोली गाठली. पाटेवाला म्हणाला, पाटे काढतो थोडे.

"ओटा काढला, आता पाटेही काढू? मंग मी केलं काय इतके दिवस?"

"मग वाळूची पोती टाका."

"वाळू कायले? गहू टाकते. तिथं खाता तरी येईन." मग मला नखशिखान्त न्याहाळून म्हणाल्या, "अन् मास्तरीणबाई, तुम्ही चला."

मला वाटलं, तांत्रिक सल्लागार म्हणून नेताहेत. मी चष्मा पुसून, नकाशा घेऊन पुढे बसायला गेले. बाईंनी मागचं दार उघडलं. "तिकडं नाही. गव्हाजवळ बसा. मागच्या चाकावर."

तर अशी मी काटोलपर्यंत गेले, गव्हाच्या पोत्यांबरोबर, पोत्यांच्याच हुद्द्यावर. पण गाडी मऊ चालली. मुक्काम करत, थांबत, विकतची भाकरी खात. साहेबांनी एकदाही तक्रार केली नाही. "गार आहे," म्हणायचे आणि खायचे.

बागेत बाईंनी गाडी थेट झाडांमध्ये नेली आणि मागचं दार उघडलं. बहार नुकताच फुटला होता. साहेबांनी डावा हात बाहेर काढला, हाताला लागली ती फांदी धरली आणि कितीतरी वेळ सोडली नाही. बाई त्यांच्या पायाशी बसून राहिल्या, रिकाम्या हाताने.

त्या परतल्या नाहीत. खोली पिकअपवरून उतरवून बागेतच चार दगडांवर ठेवली, साहेबांना झोपल्या झोपल्या झाडं दिसावीत म्हणून. गहूही तिथेच राहिला. नुसती पिकअप पुण्याला पोचवायला त्यांनी गावातला एक ड्रायव्हर दिला आणि मला त्याच्या शेजारी बसवलं. निरोपाला दार लावायला त्या स्वतः आल्या. माझा पदर तेवढा दारात अडकू नये म्हणून आत सारला.

रिकामी गाडी उडत निघाली. अमरावती मागे पडलं तरी माझे डोळे काही थांबेनात, आणि रुमाल डोळ्यांना लावायला जावं तर तो कधी कपाळावर, कधी कानावर. ड्रायव्हर ओशाळून म्हणाला, "लई आदळते नं, आजी?"

"हो रे," मी म्हटलं, "फारच आदळते."