पेट्रोलच्या टाकीला लावलेलं सील

जीप पेट्रोल जास्त पिऊन राहिली आहे हे माझ्या लक्षात आलं ते दिवाळीनंतरच्या आठवड्यात. आणि लक्षात आल्याबरोबर मी चोर शोधायला लागलो. बिघाड नाही, चोर. फॅक्टरीत गाड्या तपासण्याच्या विभागात मला तेव्हा चोवीस वर्षं झाली होती, आणि तिथं एकच गोष्ट डोक्यात ठोकून बसवतात. जेवढं तेल गेलं तेवढं अंतर कागदावर दिसलं पाहिजे. नाही दिसलं तर ड्रायव्हरला बोलवायचं आणि समोर उभं करायचं.

इथं ड्रायव्हर माझा मेहुणा होता. बायकोचा धाकटा भाऊ, वर्ध्याकडचा. आई-वडील गेल्यावर तिनंच त्याला लहानाचं मोठं केलेलं. तिकडे दोन ठिकाणी नोकरी धरली, दोन्ही सुटल्या, आणि नातेवाइकांनी त्याच्यावर शिक्का मारून टाकला की हा कुठं टिकत नाही. मग बायकोनं त्याला जबलपूरला, आमच्या विजय नगरच्या घरी आणलं. मला म्हणाली, त्याला काही देऊ नका, फक्त त्याचं नाव चांगलं होऊ द्या. मीही फुशारकीनं सांगून टाकलं की शेतांवरून बाजारात मटार वाहायचा एक हंगाम नीट चालवून दाखव, जीप तुझ्या नावावर करून देतो. पोरगा त्या दिवशी जेवताना नीट जेवला नाही, इतका खूश झाला होता.

छत्तीसगड वेगळं होऊन दोन-तीन वर्षं झाली असतील तेव्हा. जीप म्हणजे फौजेतून निघालेली, लिलावात घेतलेली, चारही चाकं ओढणारी पेट्रोलची गाडी. जबलपूरजवळच्या पाटनकडची काळी माती ज्यानं पाहिली त्याला सांगायला नको, शेताला पाणी दिलं की बांधावरच्या रस्त्याचा चिखल होतो आणि साध्या गाड्या तिथंच बसतात. आमची जीप मटारची पोती घेऊन गुरगुरत बाहेर यायची. पण पेट्रोल प्यायची राक्षसासारखं. म्हणून मी तिला गॅसचा किट बसवून घेतला. समोर एक बटण, वर केलं की पेट्रोल, खाली केलं की गॅस. सकाळी थंड इंजिन पेट्रोलवर सुरू करायचं, दहा मिनिटांत गरम झालं की गॅसवर टाकायचं, मग दिवसभर पेट्रोलचं काम नाही. हिशोब सोपा होता. टाकीतलं पेट्रोल आठ-दहा दिवस पुरायला पाहिजे आणि ते पुरतही होतं.

दिवाळीनंतर ते तीन दिवसांत संपायला लागलं. वर गॅसही लवकर संपायचा.

मी मेहुण्याला विचारलं, चारही चाकं जोडणारा दांडा डांबरी रस्त्यावर आल्यावर काढतोस ना? तो म्हणाला, काढतो. चोक ओढून ठेवतोस का? नाही. कुणाला लिफ्ट देतोस, आडमार्गानं जातोस? नाही. टायरमधली हवा मी स्वतः पाहिली, बरोबर होती. एअर फिल्टर झटकला. प्लग काढले तर चारही काळे कुळकुळीत. आता इथं शहाण्या माणसानं थांबून विचार केला असता की इंजिनात नको तेवढं पेट्रोल जाऊन राहिलंय. मी काय केलं? काळा प्लग त्याच्या नाकासमोर धरला आणि म्हटलं, चोक ओढत नाहीस, मग हे काय आहे? त्याच्याजवळ उत्तर नव्हतं. ज्याच्याजवळ उत्तर नाही तो खोटा, हे आमच्या विभागाचं शास्त्र.

तो दोन-तीनदा म्हणाला होता, भाऊजी, गाडी गॅसवर असली तरी पेट्रोलचा वास येऊन राहिला. मागून धूरही काळा निघतो. मी म्हटलं, अच्छा, आता तू मला गाडी शिकवणार. हे मी चारचौघांत, त्याच्या बहिणीसमोर म्हटलं. माझ्या जिभेला तेव्हा लगामच नव्हता, आताही फारसा नाही.

मग एके दिवशी संध्याकाळी तो घरी आला, हात धुवायला मोरीत गेला, आणि मी बाजूनं गेलो तर त्याच्या हाताला, बाहीला पेट्रोलचा वास. झालं. माझ्या डोक्यात सगळं पक्कं बसलं. नळी टाकून पेट्रोल काढतो आणि पाटनच्या नाक्यावर विकतो. तो बिचारा गळती शोधायला वाटेत गाडीखाली आडवा पडला होता, पाइप हातानं चाचपून पाहत होता, हे मला नंतर कळलं. त्यानं तेव्हाही सांगितलं असेल. मी ऐकलं नसेल.

बायकोला मी त्याच दिवशी सांगितलं की तुझा भाऊ पेट्रोल विकतो. ती म्हणाली, तो असं करणार नाही. मी म्हटलं, गाडीच्या बाबतीत तू मला सांगू नको, माझं आयुष्य गेलंय यात. बाकी सगळ्या गोष्टींत ती माझ्याशी वाद घालायची, अगदी मीठ किती टाकायचं यावरूनही, पण गाडी आणि यंत्र आलं की माझा शब्द शेवटचा, असं आमच्या घरात पहिल्यापासून होतं. पंखा बंद पडला की शेजारचे मला बोलवायचे. ती ते अभिमानानं सांगायची.

त्यानंतर मी जे केलं ते फॅक्टरीतल्या माणसालाच सुचलं असतं. सरकारी गोदामात पिंपांना लावतात तसं सील. तारेत शिशाची गोळी ओवायची, चिमट्यानं दाबायची, तोडल्याशिवाय झाकण उघडत नाही. मी टाकीत लाकडी पट्टी बुडवून पेट्रोल मोजलं, पट्टीवर खूण केली, आणि झाकणाला तार गुंडाळून सील मारलं. सकाळी, अंगणात, तो बाजूला उभा असताना. समोरच्या घरातल्या बाई तुळशीला पाणी घालता घालता पाहत होत्या. त्यांनी विचारलं, ये क्या कर रहे हो भैया? मी म्हटलं, कुछ नहीं दीदी, घर का मामला है. हे सांगताना मला लाज वाटायला पाहिजे होती. उलट मला वाटत होतं, कसं पकडलं.

मेहुण्यानं फक्त एवढं विचारलं की रस्त्यात गॅस संपला आणि टाकीतही काही उरलं नाही तर मी पेट्रोल कसं भरू. मी म्हटलं, संपणारच नाही, कोणी काढलं नाही तर. तो गाडीत बसला आणि निघून गेला.

तीन दिवस त्यानं त्या सीलसकट जीप चालवली. चौथ्या दिवशी मी फॅक्टरीतून आलो तर किल्ली माझ्या टेबलावर आणि तो घरात नाही. बायको म्हणाली, सिहोऱ्याला गेला बसनं, तिथं एका मटारच्या व्यापाऱ्याकडे वजनकाट्यावर काम पाहिलंय त्यानं. एवढंच बोलली. रडली नाही, भांडली नाही. मला वाटलं, चलो, हिलाही पटलंय.

खरं सांगतो, मला बरं वाटलं होतं.

हंगाम ऐन भरात होता, शेतकरी पोती बांधून बसले होते, म्हणून मी आठ दिवसांची रजा टाकली आणि जीप स्वतः चालवायला घेतली. सील तोडलं, पट्टी बुडवली. पेट्रोल तळाला गेलेलं. आता सील शाबूत आणि पेट्रोल गायब, तर अक्कल असलेल्या माणसाला इथंच उजेड पडायचा. मला काय वाटलं ठाऊक आहे? वाटलं, याला सील खोलून परत लावायची युक्ती सापडली. केवढी ही माझी बुद्धी. टाकी भरली, नवं सील मारलं, आणि तीन दिवस दुसऱ्या कुणाचाही हात लागू न देता मीच पाटन-जबलपूर केलं. चौथ्या दिवशी पट्टी बुडवली. पेट्रोल तेवढंच गेलं होतं, जेवढं त्याच्या हातून जायचं.

पाटनच्या रस्त्यावर एका बाभळीखाली मी जीप उभी केली, इंजिन गॅसवर चालू ठेवलं आणि बॉनेट उघडलं. नाकात पहिल्यांदा वास शिरला तो पेट्रोलचा. कार्बोरेटरकडे जाणाऱ्या पेट्रोलच्या पाइपवर एक विजेचा वॉल्व्ह असतो. गॅस सुरू झाला की त्यानं पेट्रोल बंद करायचं, एवढंच त्याचं काम. त्याच्या बुडाशी एक छोटा आटा, म्हणजे खाच असलेला स्क्रू, असतो. वीज गेली आणि वॉल्व्ह उघडेना, तर तो आटा हातानं फिरवायचा, म्हणजे पेट्रोल सुरू होऊन गाडी घरापर्यंत येते. घरी आल्यावर तो परत कसायचा. मी बोट लावलं. आटा अर्धा उघडा होता. महिना-दीड महिना इंजिन गॅसही पीत होतं आणि त्याच्यासोबत पेट्रोलही.

आणि तो आटा कुणी उघडला, हे आठवायला मला कष्ट पडले नाहीत. दिवाळीच्या आधीच्या रविवारी मी फॅक्टरीतल्या एका सोबत्याला घेऊन भेडाघाटला गेलो होतो. परतताना त्या वॉल्व्हचा फ्यूज उडाला, जीप बंद पडली. सोबती घाबरला. मी खिशातून रुपयाचं नाणं काढलं, आटा फिरवला, गाडी सुरू करून दाखवली आणि घर येईपर्यंत त्याच्यासमोर आपली विद्या मिरवली. दुसऱ्या दिवशी फ्यूज बदलला. आट्याचं डोक्यातूनच गेलं.

बाभळीखाली मी किती वेळ उभा होतो सांगता येत नाही. मागून बस गेली, ट्रॅक्टर गेले. स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावंसं वाटत होतं. आटा कसला, हात पुसले, आणि त्याच दिवशी तसाच सिहोऱ्याला गेलो.

तो काट्यावर पोती चढवत होता. मला पाहून खाली उतरला, वाकून नमस्कार केला, चहा मागवला. मी म्हटलं, चल घरी, सापडला बिघाड, वॉल्व्ह खराब होता. हे बोलताना मला वाटलं की मी मोठेपणाच दाखवतोय, एवढ्या लांब न्यायला आलोय. जीपचे कागद तुझ्या नावानं करतो, हेही म्हटलं. त्यानं चहाचा ग्लास खाली ठेवला.

"वॉल्व्ह खराब होता, का आटा ढिला होता?"

या आठवड्यात त्याला कुणी मेकॅनिकनं सांगितलं असेल, किंवा त्यानंच डोकं चालवलं असेल. मी म्हटलं, आटा ढिला होता.

"कोणी ढिला केला?"

मी सांगितलं, मीच केला होता. दुसरं काय सांगणार. त्यानं मान हलवली. रागावला नाही, आणि तेच मला जास्त लागलं. मग त्यानं विचारलं, "ताईला माहीत आहे हे?"

मी म्हटलं, अजून नाही सांगितलं, सरळ तुझ्याकडेच आलो.

"मग आधी तिला सांगा भाऊजी. मला जीप नको."

एवढं बोलून तो काट्यावर गेला. पोती थांबली होती, माणसं ओरडून राहिली होती. मी एकटा परत आलो.

बायकोला सांगायला मला दोन दिवस लागले. फॅक्टरीत साहेबासमोर मी कधी घाबरलो नाही, पण स्वयंपाकघराच्या दारातून चारदा परत फिरलो. सांगून काय होणार, असं स्वतःला समजावलं. पोरगा तिथं रुळला आहे, कमावून राहिला आहे, गोष्ट मिटली आहे. तिसऱ्या दिवशी दुपारी ती गव्हातले खडे निवडत बसली होती, तेव्हा समोर बसलो आणि सगळं सांगितलं. भेडाघाट, फ्यूज, नाणं, आटा. तिला आटा म्हणजे काय ते कळेना, तर हातानं फिरवून दाखवलं. तुझ्या भावानं थेंबभरही पेट्रोल काढलं नव्हतं, असंही म्हटलं, तेवढ्या शब्दांत.

ती मला बोल लावेल असं वाटलं होतं. मनात मी त्याची तयारीही केली होती, की जे बोलेल ते ऐकून घ्यायचं, उलट शब्द काढायचा नाही. तिनं ताटातला एक खडा उचलून बाजूला टाकला.

"तो गेला त्या दिवशी तुम्ही ड्यूटीवर होते," ती म्हणाली. "मी त्याला देवासमोर बसवलं. आईची शपथ घे म्हटलं. त्यानं घेतली."

मी म्हटलं, मग?

"मग काय. तरी मी त्याला म्हटलं, खोटी शपथ नको घेऊ, तुझे भाऊजी गाडीच्या बाबतीत कधी चुकत नाहीत."