पाय उचलायचा नाही

आमचे हे एका जागी बसत नाहीत. जुना झाला म्हणून टेम्पो भंगारात गेला, तेव्हापासून बूड म्हणून टेकत नाहीत. फाटक उघड, फाटक लाव. चहा अर्धा ठेवून ऊठ. मी म्हणते, अहो, पायाला भिंगरी लागलीय काय तुमच्या? तर म्हणतात, "शालू, बुधवार जवळ आला."

बुधवारी ट्रायल होती, दुसरी आणि शेवटची. वारज्याच्या पुढं टेकडीवर म्हाताऱ्या माणसांचा आश्रम हाय, तिथं ड्रायव्हरची कायमची नोकरी. आजोबा-आजींना दवाखान्यात न्यायचं आणि आणायचं. चोपन्नाव्या वर्षी मच्छिंद्र बराट्यांना दुसरं कोण काम देणार? बावीस वर्षं टेम्पो चालवला, कुठं ओरखडा नाही. आणि पहिल्या ट्रायलला ह्यांनी चार माणसं भरलेली छोटी पेट्रोल गाडी चढावर बंद पाडली. एकदा नाही, दोनदा! वर मागं घसरली ती वेगळीच. परीक्षा घेणारे माधवराव साहेब शनिवार पेठेतले. ते शांतपणे म्हणाले, "बराटे, जरा बाजूला घेता का? मागून एक आजी काठी टेकत येताहेत, त्यांना पुढं जायचंय."

ते ह्यांच्या जिव्हारी लागलं. दोन दिवस धड जेवले नाहीत.

काय हाय, ह्यांचा हात टेम्पोचा. रामदास वस्तादांच्या हाताखाली शिकलेले. इंजिनाचा आवाज जरा चढला की वस्ताद पान्यानं बोटं शेकायचे. वरचा गिअर लवकर टाक आणि गाडीला निवांत ओढू दे, ही त्यांची शिकवण. डिझेलचा टेम्पो ओढायचाही, विटा भरलेल्या असल्या तरी. तीच सवय ह्यांनी त्या चिमुरड्या गाडीला लावली.

माझ्या भावाकडं, रणजितकडं, तसलीच गाडी हाय. रविवारी ती मागून आणली. आमची तनुजा इंजिनिअरिंगला हाय, ती मागं बसली. तिच्या दोन्ही बाजूंना गव्हाची दोन पोती, पट्टे लावून. पुढं मी. झाली चार माणसं. गल्लीतल्या बाया फिदीफिदी हसल्या. हसू देत मेल्यांना.

टेकडीमागचा चढ लागला. तनुजा म्हणाली, "पप्पा, दुसराच गिअर ठेवा. इंजिनाच्या फेऱ्यांचा काटा चार हजारावर जाऊ द्या."

"अगं, किंचाळतीय ती! फुटंल!" ह्यांनी ॲक्सिलरेटरवरचा पाय उचलला, तिसरा टाकला. गाडी आचके देत बंद.

"पप्पा, लॉजिक सिंपल आहे. टॉर्क म्हणजे एका धक्क्याचा जोर. तुमच्या टेम्पोत तो कमी फेऱ्यांवरच भरपूर होता. हिचा धक्का छोटा आहे, पण मिनिटाला खूप धक्के मारू शकते. जोर गुणिले वेग, तीच हॉर्सपॉवर. हळू फिरवलं तर घोडे तबेल्यातच राहतात."

"म्हणजे वस्तादांनी खोटं शिकवलं?"

"खोटं नाही. टेम्पोपुरतं खरं."

हे खाली उतरले. गाडीला एक फेरी मारली, दुसरी मारली, टायरला लाथ घातली. मग माझ्या खिडकीशी येऊन हळूच म्हणाले, "शालू, मला ऐकवत नाही गं. मुक्या जनावराला मारल्यासारखं वाटतंय."

माझं डोकंच सणकलं. माणूस नोकरी घालवायला बसलाय, आणि दया कुणाची, तर इंजिनाची! म्हणलं, "बसा मुकाट्यानं." गाडी सुरू झाली. दुसरा गिअर पडला, आवाज चढला, तसा मी त्यांचा गुडघा धरला आणि सगळं बळ लावून खाली दाबला. "उचलाल तर बघा!"

गाडी किंचाळली. हे डोळे बारीक करून घामाघूम. पण चढली की हो! पोत्यांसकट वर पोचली. नऊ खेपा केल्या आम्ही, नऊही खेपांना माझा हात तिथंच. माझा पंजा सुजला.

बुधवारी हे एकटेच गेले. आता येरझाऱ्या घालायची पाळी माझी. फाटक उघड, फाटक लाव. भाकरी तव्यावर टाकली तेवढ्यात फोन वाजला.

"चढली," हे म्हणाले. "माधवराव साहेब म्हणाले, बराटे, उद्यापासून या, मी कानात कापूस घालून बसेन."

"आणि पाय? कुठं उचलला नाही ना?"

ते म्हणाले, "कसा उचलणार? तुझा हात होता की गुडघ्यावर."

माझी भाकरी करपली. करपू दे म्हणलं, आणि तिथंच ओट्याला टेकून रडले.