गाठीवरची रेघ

पुंडलिकनगरचे लक्ष्मणराव काही डॉक्टर नव्हते. बत्तीस वर्षं सरकारी दवाखान्यात ड्रेसर म्हणून जखमा धुतल्या, पट्ट्या बांधल्या आणि निवृत्त झाले. पण दर बुधवारी आणि रविवारी सकाळी स्कूटीला औषधांची पिशवी अडकवून ते मोंढा नाक्याच्या उड्डाणपुलाखाली जायचे, तेव्हा तिथं राहणारी माणसं त्यांना 'डाक्टरसाहेब' म्हणायची. लक्ष्मणरावांनी ती चूक कधी दुरुस्त केली नाही. गोड लागत होतं, खोटं कशाला बोला!

हात हलका, पण तोंड फटकळ. पुलाखालच्यांची एक खोड होती. जरा खाज सुटली की पट्टी सोडायची, उघड्या जखमेवर धूळ बसू द्यायची आणि मग तीच मळकी पट्टी पुन्हा गुंडाळायची. कितीही सांगा, पालथ्या घड्यावर पाणी. म्हणून लक्ष्मणरावांनी दवाखान्यातली जुनी युक्ती काढली. गाठ मारली की तिच्यावरून बॉलपेनानं एक आडवी रेघ ओढायची. गाठ सोडून पुन्हा बांधली तर रेघ जुळत नाही, चोर सापडतो.

सापडली पारूबाई. भंगार वेचून पोट भरणारी, साठी ओलांडलेली, अंगात साखर, आणि टाचेला पत्रा लागून झालेली जखम. असल्या पायाची जखम तीन-चार दिवसांत उघडून धुतली नाही तर पायच जातो, हे लक्ष्मणरावांना झोपेतही ठाऊक होतं. त्या रविवारी तिच्या गाठीवरची रेघ तुटलेली दिसली आणि त्यांचा पारा चढला.

"पारूबाई, मी येईपर्यंत ही गाठ सोडायची नाय म्हणजे नाय! पुन्हा सोडलेली दिसली तर पायाला हात लावणार नाय मी."

"चुकलं बाबा. बांधल्यावर लई ठणकतो, म्हून सोडली," ती ओशाळून म्हणाली.

ठणकतो म्हणजे काय, हे बत्तीस वर्षं ऐकलेल्या माणसाला कळायला नको? पण चार लोक बघत होते, राग डोक्यात होता. त्यांनी जखम धुतली, घट्ट पट्टी बांधली आणि ठसठशीत रेघ ओढली.

बुधवारी पुतणीचं, सायलीचं, फर्दापूरला लग्न होतं. ते काही चुकवता येत नव्हतं. शनिवारी रात्री घरी परतले. रविवारी सकाळी बायकोनं, उमाताईंनी, हलवून उठवलं, "अहो, आज पुलाखाली जायचं नाही का?"

"ती माणसं कुठं पळून चाललीत? बुधवारी बघू," म्हणत लक्ष्मणराव कूस बदलून झोपले. त्या कुशीची आता त्यांना लाज वाटते.

बुधवारी गेले तेव्हा पारूबाई खांबाला टेकून बसली होती. अंग तापलेलं, डोळे खोल गेलेले. त्यांना बघताच तिनं शाळकरी पोरीसारखा पाय पुढं केला. पट्टीवर माशा घोंगावत होत्या. गाठीवरची रेघ जशीच्या तशी, अखंड होती.

लक्ष्मणरावांनी कात्रीनं पट्टी कापून काढली. आत टाच काळी पडली होती.

"एवढं होईपर्यंत सोडली का नाय तुम्ही?"

"तुमीच म्हणले व्हते ना," ती म्हणाली.

रिक्षातून त्यांनी तिला घाटीच्या सरकारी दवाखान्यात नेलं. पाय गुडघ्याखाली काढावा लागला. बैल गेल्यावर झोपा करावा तसे मग ते रोज वॉर्डात जाऊन बसू लागले, मोसंबी सोलून देऊ लागले. पारूबाईनं कधी एका शब्दानं दोष दिला नाही, आणि तेच त्यांना सोसेना. आठव्या दिवशी त्यांनी मोसंबी खाली ठेवली.

"पारूबाई, मी डॉक्टर नाय. साधा पट्ट्या बांधणारा माणूस आहे. तुमचा पाय माझ्यामुळं गेला."

 पारूबाई पांघरुणाचा सपाट भाग हातानं सारखा करत म्हणाली,

"मंग आधी का नाय सांगितलं, बाबा? म्या सोडली असती की."